भाडेकरू पारखताना: पहिल्या फोनपासून किल्ली देईपर्यंत काय काय तपासायचं

फ्लॅट रिकामा पडला की मेंटेनन्स खिशातून जातो, कर्जाचा हप्ता थांबत नाही, आणि मग जो कोणी ‘उद्याच राहायला येतो, टोकन आत्ता पाठवतो’ म्हणेल त्याला हो म्हणावंसं वाटतं. या घाईपायीच लोक अडकतात. पंधरा दिवस घर रिकामं राहिलं तर फार तर अर्ध्या महिन्याचं भाडं बुडतं. भाडं थकवणारा, सोडायला सांगितल्यावर न हलणारा माणूस आत आला, तर डिपॉझिट संपून वर कित्येक महिने जातात आणि डोक्याचा ताप वेगळाच. म्हणून घर चार दिवस उशिरा गेलं तरी चालेल, पण तपासणी अर्धवट सोडायची नाही.

मी पुण्यातला माझा स्वतःचा आणि परदेशात असलेल्या भावाचा, असे दोन फ्लॅट सांभाळतो. तेव्हा इथलं बहुतेक सगळं पुण्याच्या अनुभवातून आहे. कायदा मात्र पूर्ण महाराष्ट्राला एकच आहे.

भाडेकरू पारखायचा म्हणजे तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर मिळवायची. माणूस जो म्हणतो तोच आहे का? दर महिन्याला भाडं देण्याची त्याची ऐपत आहे का? आणि आधीच्या घरात तो कसा राहिला? आडनाव काय, डब्यात काय असतं, लग्न झालंय की नाही, यांतून या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर मिळत नाही. तरीही बहुतेक घरमालक याच गोष्टी आधी विचारतात आणि बँक स्टेटमेंट मागायला लाजतात. हे उलटं करायला हवं.

आधी कायदा समजून घ्या

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठा धोका वेगळा आहे. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. ‘11 महिन्यांचा करार आहे, नोटरी केली की झालं’ हे अजूनही सर्रास ऐकू येतं. महाराष्ट्रात ते चालत नाही. करार 11 महिन्यांचा असो की 3 वर्षांचा, नोंदणी लागतेच.

नोंदणी नीट असेल तर कलम 24 तुमच्या बाजूने उभं राहतं. राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणाऱ्या करारावर, दिलेलं घर मुदत संपल्यावर सोडलं नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी भाड्याच्या दुप्पट दराने भरपाईही मागता येते. पण या मार्गालाही वेळ लागतो. पाणी तोडणं, लाईट बंद करणं असले उपाय कायद्याने बंद आहेत, तसं करणारा घरमालक स्वतःच अडचणीत येतो. म्हणजे एकदा माणूस आत आला की तुमच्या हातात फारसं काही उरत नाही. जे काही तपासायचं ते किल्ली देण्याआधीच.

याचा एक फायदा असा की नोंदणी हीच एक चाळणी होते. ‘नोंदणीचा खर्च कशाला, आपण आपसांत लिहून घेऊ’ असं जो म्हणतो त्याला तिथेच नमस्कार करावा. खर्च तरी किती? 22,000 भाडं, 60,000 डिपॉझिट आणि 11 महिने धरले, तर एकूण भाडं 2,42,000 आणि डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के दराने धरलेलं व्याज साधारण 5,500. या बेरजेवर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे सहाशे-सातशे रुपयांच्या घरात. त्यावर महापालिका हद्दीत 1,000 रुपये नोंदणी फी, आणि एजंटकडून करून घेतलं तर त्याचे पैसे. एवढ्यासाठी कागद टाळणाऱ्या माणसाचं कारण खर्च हे नसतं.

जाहिरातीतच अटी लिहा

भाडं, डिपॉझिट, मेंटेनन्स धरून की वेगळा, पार्किंग आहे का, कधीपासून घर मिळेल, किती माणसं राहू शकतील, कुत्रं-मांजर चालेल का, हे सगळं आधीच लिहा. शेवटी एक ओळ टाका: ‘नोंदणीकृत करार, पोलिसांना माहिती, उत्पन्नाचा पुरावा आणि आधीच्या घरमालकाचा नंबर आवश्यक.’ या एका ओळीने निम्मे फोन कमी होतात, आणि जे येतात ते तयारीचे असतात. एजंटलाही हीच ओळ व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. त्याचं ब्रोकरेज घर लागण्यावर अवलंबून असतं, भाडेकरू वर्षभर कसा वागेल यावर नाही, त्यामुळे तपासणी त्याच्यावर सोडू नका.

अटी सगळ्यांना सारख्याच ठेवा. गोड बोलणाऱ्याला एक आणि अबोल माणसाला दुसरी, असं करू नका.

पहिला फोन

पाच-सात मिनिटांत बरंच कळतं. सध्या कुठे राहता? ते घर का सोडताय? कोण कोण राहणार? काम काय, ऑफिस कुठे? कधी यायचंय? डिपॉझिट एकरकमी देता येईल का? उत्तरांपेक्षा ती एकमेकांशी जुळतात का ते ऐका. ऑफिस हडपसरला आणि घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, बावधनला हवंय, तर त्यामागे कारण असतं. बायकोची नोकरी, मुलाची शाळा, काहीही. विचारलं की खरा माणूस ते सहज सांगतो.

‘मालकाशी पटलं नाही’ हे उत्तर आलं म्हणून लगेच काट मारू नका. घरमालकही त्रासदायक असतात. काय झालं ते विचारा आणि लक्षात ठेवा, पुढे पडताळायला कामाला येतं.

इथेच एका फसवणुकीबद्दल सांगायला हवं, कारण आजही माणसं तिला बळी पडतात. फोन करणारा सांगतो की तो सैन्यात किंवा निमलष्करी दलात आहे, बदली झाली आहे, घर पाहायची गरज नाही, फोटो आवडले. ओळखपत्राचा फोटो पाठवतो. मग म्हणतो, ‘टोकन पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील.’ पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. घर न पाहता, भाव न करता, पैसे द्यायची घाई करणारा माणूस दिसला की फोन ठेवा.

घर दाखवताना

जे राहणार आहेत त्या सगळ्या मोठ्या माणसांना एकदा तरी यायला सांगा. मित्राने येऊन पाहायचं, करार भावाच्या नावावर आणि राहणार तिसराच, हा प्रकार इथेच उघडा पडतो. घर बघताना माणूस पाण्याची वेळ, गॅसची पाइपलाइन, कपडे वाळत घालायची जागा, कचऱ्याचं विचारतो का? हे प्रश्न राहायला येणाऱ्याचे असतात. ज्याला फक्त ‘लवकरात लवकर कधी मिळेल’ एवढंच हवं असतं, त्याला अजून दोन प्रश्न विचारा.

ओळख

आधार आणि पॅन दोन्ही मागा, पण आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत पुरते, ती यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवरून काढता येते. नुसत्या झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका, फोटोशॉप केलेलं आधार बनवणं अवघड नाही. कार्डावरचा क्यूआर कोड यूआयडीएआयच्या ॲपने समोरच स्कॅन करा. त्यात नाव, पत्ता, फोटो येतो आणि त्यावर डिजिटल सही असते. छापलेलं आणि स्कॅनमध्ये आलेलं जुळलं पाहिजे. पत्ता जुना असणं साहजिक आहे, नाव आणि चेहरा वेगळा असणं नाही.

प्रत घेताना तीवर ‘फक्त अमुक फ्लॅटच्या भाडेकरारासाठी’ असं लिहून तारीख टाकून घ्या. आणि ज्याला घर दिलं नाही त्याचे कागद फोनमधून पुसून टाका. लोकांनी विश्वासाने दिलेले कागद असतात, ते एजंटांच्या ग्रुपवर फिरता कामा नयेत.

उत्पन्न: इथे वेळ द्या

साधा हिशेब असा की भाडं आणि मेंटेनन्स मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या एक-तृतीयांशाच्या आत असावं, आणि कर्जाचे हप्ते वजा करूनही घर चालायला पैसे उरावेत. सीटीसीचा, म्हणजे कंपनी वर्षाला तुमच्यावर करते त्या एकूण खर्चाचा, आकडा ऐकून काही ठरवू नका. हातात काय येतं ते बघा.

नोकरदाराकडून तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि त्याच खात्याचं तीन ते सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागा. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. स्लिपवरचा निव्वळ पगार आणि खात्यात जमा झालेली रक्कम रुपया-रुपयाने जुळली पाहिजे, आणि जमा करणाऱ्याचं नाव कंपनीचं असलं पाहिजे, कुणा व्यक्तीचं नाही.

स्लिप बनावट आहे का हे कळायला लेखापाल असावं लागत नाही. एकदा एका उमेदवाराने फेब्रुवारीची स्लिप दिली. बेसिक 30,000, एचआरए (घरभाडे भत्ता) 15,000, स्पेशल अलाउन्स 21,500 आणि एकूण लिहिलं होतं 68,500. बेरीज होते 66,500. पगाराचं सॉफ्टवेअर बेरीज चुकत नाही. खाली पीएफ 2,400 कापला होता. पीएफ बेसिकच्या 12 टक्के, म्हणजे इथे 3,600 तरी हवा, नाहीतर कंपनी 15,000 च्या मर्यादेवर कापत असेल तर 1,800. 2,400 कुठूनच येत नाही. आणि प्रोफेशनल टॅक्स 200. महाराष्ट्रात तो महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 कापला जातो, वर्षाचे 2,500 पुरे व्हावेत म्हणून. स्लिप कुणीतरी जुन्या महिन्यावरून हाताने बनवली होती. त्याला शांतपणे बँक स्टेटमेंट मागितलं, ते काही आलं नाही, आणि विषय तिथेच संपला. (25,000 पर्यंत पगार असलेल्या महिलांना प्रोफेशनल टॅक्स लागत नाही, आणि दिल्लीसारख्या काही ठिकाणी हा करच नाही. तेव्हा कापलेला दिसला नाही म्हणून लगेच संशय घेऊ नका, आधी नोकरी कुठली ते विचारा.)

स्टेटमेंटमध्ये आणखी काय बघायचं? सध्याचं भाडं दर महिन्याला कोणत्या तारखेला जातंय. ‘ईसीएस रिटर्न’ किंवा हप्ता परत गेल्याचे चार्जेस वारंवार दिसतात का. पगार जमा झाल्यावर दोन दिवसांत खातं रिकामं होतं का. एखादा हप्ता चुकणं हा गुन्हा नाही, आजारपण असतं, नोकरी बदललेली असते. दर महिन्याला तेच दिसत असेल तर पुढचा चुकणारा पैसा तुमच्या भाड्याचा असेल.

नुकतीच नोकरी लागली असेल तर ऑफर लेटर घ्या आणि कंपनीला फोन करा, पण पत्रावरच्या नंबरवर नाही. कंपनीच्या वेबसाइटवरून नंबर शोधा. कंपनीचं नाव ऐकलेलं नसेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर ती नोंदलेली आहे का ते दोन मिनिटांत दिसतं.

धंदेवाल्याचं उत्पन्न वरखाली होतं, ते तसंच असतं. दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं, चालू खात्याचं स्टेटमेंट आणि जीएसटी नंबर असेल तर तो जीएसटीच्या साइटवर टाकून धंद्याचं नाव आणि नोंदणी चालू आहे का ते पाहा. वडापावची गाडी चालवणारा, रिक्षाचालक, शिकवणी घेणारी बाई यांच्याकडे विवरणपत्र नसेलही, पण रोज जमा होणाऱ्या यूपीआयच्या नोंदी असतात आणि त्या खोटं बोलत नाहीत. विद्यार्थी असतील तर आई-वडिलांशी बोला आणि त्यांची हमी लेखी घ्या. निवृत्त लोकांचं पेन्शन आणि एफडीचं व्याज बघून निश्चिंत होता येतं. माझ्या मते ते सर्वांत कमी त्रासाचे भाडेकरू असतात, आणि तरी लोक ‘म्हातारी माणसं नकोत’ म्हणतात.

आधीचा घरमालक

माझ्या मते सगळ्या तपासणीत ही पायरी सर्वांत मोलाची आहे, आणि हीच लोक सोडून देतात. सध्याच्या घरमालकाचं मत घ्या, पण त्याच्यावरच थांबू नका. त्याला जर हा भाडेकरू घालवायचा असेल तर तो कौतुकच करेल. त्याच्याही आधीचा घरमालक शोधा. त्याला आता काही मिळवायचं नसतं, तो खरं बोलतो.

मित्राचा नंबर ‘घरमालक’ म्हणून देणारेही असतात. म्हणून फोन केल्यावर स्वतः काहीच सांगू नका, त्यांना बोलू द्या. फ्लॅट कोणत्या सोसायटीत, कितव्या मजल्यावर, भाडं किती होतं, किती काळ राहिले? मग जुन्या नोंदणीकृत कराराशी ताडून बघा. जुना करार मागायला संकोच करू नका. त्यावर मालकाचं नाव, भाडं, मुदत सगळं असतं.

नंतर खरे प्रश्न. भाडं कोणत्या तारखेपर्यंत यायचं? डिपॉझिटमधून काही कापावं लागलं का, कशासाठी? शेजाऱ्यांच्या तक्रारी? सोडताना नोटीस दिली का? आणि शेवटी एकच: ‘तुम्ही त्यांना परत घर द्याल का?’ या प्रश्नानंतर जो थांबा येतो तो नीट ऐका.

जुन्या सोसायटीच्या मॅनेजरला एक फोन केला तरी बरंच कळतं. मेंटेनन्सवरून, पार्किंगवरून, रात्रीच्या आवाजावरून भांडणं झाली असतील तर त्याला आठवतात.

वाटल्यास ई-कोर्ट्सच्या साइटवर त्यांचं नाव टाकून जिल्हा न्यायालयात खटले आहेत का ते पाहता येतं. पण सारख्या नावाची माणसं ढिगाने असतात, आणि खटला चालू असणं म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे. काही सापडलं तर थेट विचारा. मी हे फक्त शंका आली तरच करतो.

काय बघायचं नाही

जात, धर्म, प्रांत, खाणंपिणं, एकटी बाई, घटस्फोटित, ‘बॅचलर नकोत’. भाडं वेळेवर येण्याशी यातल्या कशाचाही संबंध नाही. पुण्यात नोकरीसाठी आलेल्या चांगल्या कमावत्या मुली केवळ एकट्या आहेत म्हणून घर शोधत फिरतात, आणि मुस्लिम कुटुंबांना फोनवर नाव सांगताच ‘घर गेलं’ असं ऐकायला मिळतं. हे थांबवणं आपल्याच हातात आहे. तृतीयपंथी व्यक्तींना घर भाड्याने घेताना भेदभाव करायला 2019 च्या कायद्याने मनाई आहे, आणि एचआयव्ही असल्यावरून घर नाकारायला 2017 च्या.

सोसायटीकडून ‘अशांना घर देऊ नका’ असा दबाव आला तर ते कागदावर मागा. सभासदाने भाडेकरूची माहिती, कराराची प्रत आणि पोलिसांकडे दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते, तेवढं वेळेत द्या. भाड्याने दिल्याबद्दलचं ना-भोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, असा 1 ऑगस्ट 2001 चा शासन आदेश आहे.

तीन-चार मुलं किंवा मुली मिळून घर घेत असतील, तर प्रत्येकाचं नाव करारात हवं, भाड्याची जबाबदारी संयुक्त आणि वैयक्तिक हवी (म्हणजे पूर्ण भाडं त्यांच्यापैकी कुणाकडूनही मागता येईल), आणि मधेच कुणी सोडून गेलं तर नवीन माणूस तुमच्या लेखी संमतीशिवाय येणार नाही हे कलम हवं. एवढं केलं की ‘बॅचलर’ची भीती उरत नाही.

होकार, करार, पोलीस, किल्ली

होकार देताना टोकनची पावती द्या आणि व्यवहार मोडला तर टोकन कुणाचं, हे दोन ओळींत लिहा. नकार द्यायचा असेल तर लवकर द्या, लोकांनी घराच्या आशेवर दुसरीकडे पाहणं थांबवलेलं असतं.

करार ऑनलाइन नोंदवता येतो. आधार आणि अंगठ्याचा ठसा लागतो आणि एजंट मशीन घेऊन घरी येतो. नोटीसचा कालावधी, लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही), भाडेवाढ, रंगकाम कुणाचं, हे वाचूनच अंगठा लावा. मालक परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र आधी तयार ठेवा, आणि भाडेकरूला स्पष्ट सांगा की अनिवासी मालकाला भाडं देताना रक्कम कितीही असली तरी टीडीएस कापावा लागतो. भावाच्या फ्लॅटसाठी मी हे पहिल्याच भेटीत सांगतो. नंतर कळलं तर भांडण होतं.

पोलीस आयुक्त वेळोवेळी आदेश काढून भाडेकरूची माहिती देणं बंधनकारक करतात. पुणे, मुंबईत ती पोलिसांच्या वेबसाइटवर भरता येते. लक्षात घ्या, ही माहिती दिली म्हणजे पोलिसांनी त्या माणसाचं चारित्र्य तपासून दिलं असं होत नाही. चारित्र्य पडताळणीचा दाखला हवा असेल तर त्यासाठी त्या व्यक्तीने स्वतः अर्ज करायचा असतो. भाडेकरू परदेशी नागरिक असेल तर तो आल्यापासून 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते, तिथे ‘नंतर बघू’ चालत नाही.

किल्ली देण्याच्या दिवशी दोघांनी मिळून घराचा व्हिडिओ काढा: भिंती, नळ, गीझर, पंखे, बाथरूमची टाइल्स. विजेच्या मीटरचं रीडिंग दिसेल असा फोटो आणि सामानाची यादी, दोघांच्या सह्यांसह. पूर्ण डिपॉझिट खात्यात जमा झालेलं दिसल्यावरच किल्ली द्या, स्क्रीनशॉटवर नाही.

पहिले तीन महिने भाड्याच्या तारखेकडे लक्ष ठेवा. उशीर झाला तर दुसऱ्या दिवशीच सौम्य मेसेज करा, तोंडी नको, लेखीच. आणि करार संपायच्या दोन महिने आधी विचारा की राहायचंय का. राहायचं असेल तर नव्याने नोंदणी, आणि घरात नवी माणसं आली असतील तर त्यांचे कागद आणि पोलिसांकडची माहितीही नव्याने.